संख्या मावेल एवढें घर

शाळेंत मुळाक्षरें संपलीं म्हणजे मुलाच्या हातीं अंकांची पाटी येते. पंतोजी तिच्यावर उभ्या रेघा ओढून देतात: एकं, दहं, शतं, सहस्र. अशीं चारच घरें आंखलेल्या पाटीवर ९,९९९ ही संख्या नीट बसते. तींत एक मिळविला कीं चारी घरांत शून्यें येतात आणि हातचा एक मांडावयास जागा उरत नाहीं. मूल हुशार असेल तर तें डावीकडे पांचवें घर स्वतःच ओढून घेतें. यंत्राला ती मोकळीक नाहीं. आरंभीं जितकीं घरें आंखून दिलेलीं असतील तितक्यांतच त्याला हिशेब उरकावा लागतो, आणि जो हातचा उरतो तो वाऱ्यावर जातो. हा हातचा जाऊं नये म्हणून कोणी काय योजिलें, आणि योजूनहि कोठें घात झाला, त्याची हकीकत पन्नास-पंचावन्न वर्षांची आहे. ती गणिताची जितकी, तितकीच काटकसरीचीहि आहे.

संगणकाच्या पाटीवर दहा अंक नसून ० आणि १ हे दोनच असतात. अशा एका घरास बिट म्हणतात, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. आठ घरांत ० पासून २५५ पर्यंत, सोळांत ६५,५३५ पर्यंत आणि बत्तीसांत ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ पर्यंत संख्या मावतात. ऋण संख्याहि लिहावयाच्या असल्या म्हणजे निम्मी जागा तिकडे द्यावी लागते. मग सोळा घरांतील सर्वांत मोठी धन संख्या ३२,७६७ आणि बत्तीस घरांतील २ अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ इतकीच उरते. ऋण संख्या मांडण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, तिच्याप्रमाणें सोळा घरांतील ३२,७६७ मध्यें एक मिळविला तर उत्तर ऋण ३२,७६८ येतें. सावकाराच्या वहींत सर्वांत मोठ्या ठेवीवर एक रुपया चढतांच ती सर्वांत मोठें कर्ज होऊन बसावी, तशांतला हा प्रकार.

अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत बेल प्रयोगशाळा म्हणून एक विख्यात संस्था होती. तेथें १९६९ सालीं केन टॉम्प्सन यांनीं पीडीपी-७ नांवाच्या एका यंत्रावर युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा अंतर्गत कारभार पाहणारी मुख्य आज्ञावली. घरांतील कारभाऱ्यासारखें तिचें काम. पीडीपी-७ चें माप अठरा बिटांचें होतें; अशा अठरा बिटांच्या गटास यंत्राचा शब्द म्हणत, आणि स्मृतींत असे आठ हजारांच्या आसपास शब्द मावत. आज्ञावल्या लिहिण्यासाठीं टॉम्प्सन यांनीं ‘बी’ नांवाची एक चिमुकली भाषा रचिली. केंब्रिजचे मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल ही तिची जननी. या मायलेकींच्या घरीं ‘प्रकार’ म्हणून कांहीं नव्हतेंच. प्रत्येक चलपद म्हणजे यंत्राचा एक शब्द. त्यांत संख्या आहे, अक्षर आहे, कीं स्मृतींतील एखाद्या जागेचा पत्ता आहे, याची भाषा चौकशी करीत नसे. लिहिणाऱ्यानें तें ध्यानांत ठेवावें.

१९७० सालीं प्रयोगशाळेंत पीडीपी-११ हें नवें यंत्र आलें आणि ही भाबडी व्यवस्था डळमळली. या यंत्राचा शब्द सोळा बिटांचा असला तरी त्यांत प्रत्येक बाइटाला स्वतंत्र पत्ता होता. बी भाषा तर शब्दाखेरीज दुसरें कांहीं ओळखीत नसे. एक अक्षर उचलावयाचें झालें तरी शब्दाची गांठ सोडून तें बाहेर काढावें आणि पुन्हां बांधून ठेवावें, अशी धांदल होई. शिवाय अपूर्णांक सोळा बिटांत बसेना, आणि पत्त्यांचा हिशेब करतांना शब्दांचे बाइट करण्याचा गुणाकार पदोपदीं करावा लागे. टॉम्प्सन यांचे सहकारी डेनिस रिची यांनीं १९७१ पासून बी भाषेंत भर घालण्यास आरंभ केला. प्रथम दोनच प्रकार आले: संख्येसाठीं ‘इंट’ आणि अक्षरासाठीं ‘कॅर’. १९७३ च्या आरंभापर्यंत त्यांतून सी भाषा बहुतेक आकारास आली, आणि त्याच वर्षीं युनिक्सचा गाभा सी भाषेंत नव्यानें लिहिला गेला.

प्रकारांचा हा जन्म कोणा तत्त्वज्ञाच्या चिंतनांतून झाला नाहीं, तर अक्षर ठेवावयास लहान घर आणि संख्या ठेवावयास मोठें घर हवें, एवढ्या साध्या अडचणींतून झाला. म्हणूनच ‘इंट’ किती घरांचा, हें भाषेनें सांगितलें नाहीं. यंत्राला जें माप सोयीचें तेंच इंटाचें माप. पीडीपी-११ वर तें सोळा होतें. आज या निर्णयास नांवें ठेवणें फार सोपें आहे. परंतु त्या पहिल्या पीडीपी-११ ची सगळी स्मृति २४ हजार बाइटांची होती आणि तींतली निम्मी कार्यप्रणालीनेंच व्यापिली होती. हल्लींच्या फोननें काढलेलें एखादें छायाचित्र तिच्या शंभरपट जागा सहज खातें. अशा दारिद्र्यांत ज्यांनीं संसार थाटला, त्यांनीं प्रत्येक संख्येस चौसष्ट घरें कां दिलीं नाहींत, असें विचारणें म्हणजे दुष्काळांतल्या माणसाला पंगत कां वाढली नाहींस म्हणून विचारणें आहे.

अडचण पुढें आली. सी भाषा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाऊं लागली, आणि रिची यांनीं ब्रायन कर्निघन यांच्यासह १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या सी भाषेवरील पुस्तकांत निरनिराळ्या यंत्रांवरील प्रकारांच्या मापांचें एक छोटें कोष्टकच द्यावें लागलें. पीडीपी-११ वर इंट १६ बिटांचा, हनीवेल ६००० वर ३६ बिटांचा, आयबीएम ३७० वर आणि इंटरडेटा ८/३२ वर ३२ बिटांचा. हनीवेलवर तर अक्षराचें घरहि आठ बिटांचें नसून नऊ बिटांचें होतें. आपल्याकडील जुन्या मापांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना या कोष्टकाचें नवल वाटणार नाहीं. पायली सर्वत्र पायलीच. पण एका पेठेंतली पायली दुसऱ्या पेठेंत तितकीच भरेल असा भरंवसा नसे. नांव एक आणि माप भिन्न, असें झालें म्हणजे व्यवहारांत कोणी तरी नाडला जातोच.

दरम्यान इंटाच्या दोन्ही बाजूंस भावंडें आलीं होतीं: लहान तो ‘शॉर्ट’, मोठा तो ‘लाँग’, आणि ऋण संख्यांचें दार बंद करून सगळी जागा धन संख्यांस देणारा तो ‘अनसाइन्ड’. १९७७-७८ च्या सुमारास रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनीं युनिक्स इंटरडेटा यंत्रावर नेलें, तेव्हां लोकांच्या सवयी उघड्या पडल्या. पीडीपी-११ वर पत्ता आणि इंट दोन्ही सोळा बिटांचे असल्यामुळें कित्येकांनीं पत्ता खुशाल इंटांत ठेविला होता. एका यंत्रावर चालणारी ही उधारउसनवार दुसऱ्या यंत्रावर निमूटपणें चालेलच, याची शाश्वति नव्हती.

१९८९ सालीं अमेरिकेंत सी भाषेचें प्रमाणपत्रक ठरलें. त्यांतहि नक्की मापें नाहींत. किमान मापें आहेत. इंट निदान सोळा बिटांचा, लाँग निदान बत्तीस बिटांचा असावा. त्याहून अधिक ज्याची त्याची ऐपत. चिन्हासहित संख्या घराबाहेर सांडली तर काय व्हावें, हें तर या पत्रकानें सांगावयाचेंच नाकारिलें. चिन्हरहित संख्येनें शून्यापासून पुन्हां मोजावयास लागावें, एवढा नियम मात्र घालून दिला. याचेंहि कारण होतें. ऋण संख्या मांडण्याच्या निरनिराळ्या रीति तेव्हां निरनिराळ्या यंत्रांत नांदत होत्या, आणि सर्वांना एका पंक्तीस बसवावयाचें होतें. एकच रीत सक्तीची करावयास सी भाषेला २०२३ च्या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली. आणि तेव्हांहि सांडलेल्या चिन्हासहित संख्येचा प्रश्न होता तेथेंच ठेविला गेला.

चिन्हासहित आणि चिन्हरहित यांच्या संगतींतून जो घोटाळा होतो तो नवख्यास स्वप्नांतहि दिसणार नाहीं असा आहे. सी भाषेंत साधा इंट ऋण १ आणि चिन्हरहित १ यांची तुलना केली तर ऋण १ मोठा ठरतो. कारण तुलनेपूर्वीं त्यालाहि चिन्हरहित करून घेतात, आणि त्या वेषांत तो त्या मापांतली सर्वांत मोठी संख्या होतो. वस्तूंची मोजदाद कधीं ऋण होत नाहीं म्हणून चिन्हरहित प्रकार निवडावा, हा सल्ला ऐकावयास गोड आहे. पण मोजदादींतून वजाबाकी करण्याची पाळी येतेच, आणि तीन वस्तूंतून चार वजा केल्यावर ४ अब्ज २९ कोटी वस्तु शिल्लक राहिल्याचें यंत्र शांतपणें सांगतें.

१९९० नंतरच्या दशकांत चौसष्ट बिटांचीं यंत्रें पसरूं लागलीं तेव्हां वाट दुभंगली. युनिक्सच्या परंपरेनें लाँग ६४ बिटांचा केला. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोजसाठीं तो ३२ बिटांचाच ठेविला, म्हणजे जुन्या आज्ञावल्या मोडूं नयेत. दोघांचेंहि म्हणणें रास्त होतें, आणि त्यामुळेंच ‘लाँग’ हा शब्द निरर्थक झाला. अखेर १९९९ च्या पत्रकांत नांवांतच माप सांगणारे प्रकार आले: आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. नांवांत आंकडा आल्यानें भाषेचें लावण्य उणें झालें खरें. पण मापावर सरकारी शिक्का असला म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानदाराचें तोंड पाहावें लागत नाहीं.

शिक्का मारलेलें माप हातीं असूनहि घात कसा होतो, याचें उदाहरण मात्र सी भाषेचें नाहीं. तें एडा भाषेचें आहे. ही भाषा अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें करवून घेतली आणि १९८३ सालीं तिचें प्रमाण ठरलें. येथें लिहिणारा केवळ माप सांगून थांबत नाहीं. महिना १ ते १२ यांमध्येंच असावा, अशी मर्यादाहि त्याला घालतां येते. मर्यादा ओलांडली गेली तर एडा स्वस्थ बसत नाहीं, ओरडून सांगते. इतकी सावध भाषा असतांना ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियानांत कुरू येथून युरोपचा एरियान-५ हा नवा अग्निबाण प्रथमच उडाला, आणि यंत्रें पेटल्यापासून सुमारें चाळीस सेकंदांत त्याचे तुकडे झाले. त्याच्या माथ्यावर क्लस्टर या मोहिमेचे चार शास्त्रीय उपग्रह होते, तेहि गेले.

झॅक-लुई लिओं यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळानें १९ जुलै रोजीं निवेदन सादर केलें. तें वाचतांना मन खिन्न होतें, कारण त्यांत आळशी अथवा अडाणी माणूस कोणीच भेटत नाहीं. अग्निबाण कोणत्या दिशेस किती झुकला आहे हें सांगणारीं दोन सारखीं यंत्रें होतीं. एक बिघडलें तर दुसरें असावें म्हणून. त्यांची आज्ञावली जुन्या एरियान-४ वरून घेतली होती, आणि तेथें ती निर्दोष चालली होती. तींत क्षितिजसमांतर वेगाशीं निगडित असलेली एक संख्या चौसष्ट बिटांच्या अपूर्णांकांतून सोळा बिटांच्या पूर्णांकांत उतरविली जाई. अशीं धोक्याचीं रूपांतरें सात होतीं. यंत्रावरील कामाचा भार शेंकडा ८० च्या आंत ठेवावयाचा असल्यामुळें चौघांभोंवतीं कुंपण घातलें आणि तिघांना मोकळें सोडलें. त्या तीन संख्या एवढ्या वाढणारच नाहींत, असा त्यामागें विचार होता. तो विचार चुकीचा नव्हता. फक्त तो एरियान-४ विषयींचा होता. एरियान-५ चा आरंभींचा मार्ग निराळा, त्याचा क्षितिजसमांतर वेग पुष्कळ अधिक. ३२,७६७ ची वेस ओलांडली गेली आणि एडा ओरडली.

ती ओरड ऐकून काय करावें, हेंहि ठरलेलें होतें: यंत्र बिघडलें असें समजून तें बंद करावें आणि दुसऱ्यावर भिस्त ठेवावी. पण दुसऱ्यांत आज्ञावली तीच, आंकडे तेच. तें एक दशांश सेकंदहि उलटण्यापूर्वीं, आधींच बंद पडलें होतें. बंद पडतांना पहिल्या यंत्रानें जी बिघाडाची खूण पाठविली ती मुख्य संगणकानें उड्डाणाची खरी माहिती समजून घेतली आणि जें वळण अग्निबाणानें घेतलेंच नव्हतें तें सुधारण्यासाठीं त्याला आडवा वळविला. हवेच्या दाबानें तो मोडूं लागला आणि मग ठरल्याप्रमाणें त्यानें स्वतःचा स्फोट करून घेतला. सर्वांवर कडी म्हणजे, तो हिशेब करणारा आज्ञावलीचा भाग उड्डाणानंतर निरुपयोगी होता. जमिनीवर असतांना यंत्राची बैठक जुळविण्यापुरता त्याचा उपयोग. एरियान-४ च्या एका जुन्या सोयीसाठीं तो उड्डाणानंतरहि चालूं ठेविला होता आणि एरियान-५ ला त्या सोयीची गरजच नव्हती. ज्या संख्येचें कोणासहि काम उरलें नव्हतें, ती घरांत मावली नाहीं.

सी भाषा असती तर ती कदाचित् गप्प राहिली असती आणि त्या निरुपयोगी संख्येच्या जागीं भलतीच संख्या लिहून पुढें गेली असती. मग अग्निबाण वांचलाहि असता, असें कोणी म्हणेल. तसें म्हणणें म्हणजे पहारेकरी झोंपला म्हणून चोर चुकून दुसऱ्या घरीं गेला, यांत त्याच्या झोंपेचा गौरव करणें होय. तरीहि एक गोष्ट खरी कीं, ओरडणाऱ्या भाषेला ऐकणारा शहाणा लागतो.

जावा भाषेंत आरंभापासूनच इंट सर्व यंत्रांवर बत्तीस बिटांचा आहे. येथें पायलीचा घोळ नाहीं. तरी २००६ सालीं जॉशुआ ब्लॉक यांनीं जाहीर केलें कीं, क्रमानें लावलेल्या यादींतून एखादी नोंद शोधण्याची जी आज्ञावली त्यांनीं स्वतः जावासाठीं लिहिली होती तींत कित्येक वर्षें दोष होता. यादीचा मध्य काढण्यासाठीं दोन टोकांची बेरीज करून तिला दोननें भागावयाचें. यादी फार मोठी झाली कीं ती बेरीजच घरांत मावत नसे. उत्तर मावणार असें पाहून घर निवडलें होतें; वाटेंतल्या बेरजेचा विचार राहून गेला होता.

त्यानंतरची रस्ट ही भाषा २०१५ सालच्या मे महिन्यांत पहिल्या स्थिर रूपांत बाहेर आली. कारभारी आज्ञावल्या लिहिण्यासाठींच ती आहे. तिच्या आरंभींच्या आवृत्त्यांत ‘इंट’ हें नांव होतें. पण लोक तें निष्कारण, केवळ जिभेवर बसलें म्हणून वापरतात, असें दिसतांच २०१५ च्या आरंभीं तें काढून टाकण्यांत आलें. आतां तेथें आय-बत्तीस, यू-चौसष्ट अशीं नांवें आहेत, आणि यादींतील स्थान मोजण्यासाठीं यंत्राच्या पत्त्याइतका मोठा असा एक वेगळा प्रकार आहे. एका मापांतून दुसऱ्या मापांत ओतावयाचें असेल तर तसें स्पष्ट लिहावें लागतें. भाषा परस्पर ओतीत नाहीं. आज्ञावली तयार होत असतां संख्या सांडली तर काम तेथेंच थांबतें. मात्र पुरी झालेली आज्ञावली लोकांच्या हातीं देतांना, वेगासाठीं, ही राखण एरवीं उठविली जाते आणि संख्या पुन्हां पूर्वींसारखी गरकन फिरते. म्हणजे १९७० ची काटकसर २०१५ सालींहि पुरती सुटली नव्हती.

या काटकसरीचें सर्वांत मोठें देणें अद्याप फिटावयाचें आहे. १९७१ च्या युनिक्समध्यें वेळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजीत आणि ती बत्तीस बिटांत ठेवीत. त्या हिशेबानें घर अवघ्या अडीच वर्षांच्या आंत भरतें, आणि ही अडचण त्या वेळच्या माहितीपुस्तकांतच थोड्या मिस्किलपणें नमूद होती. पुढें पूर्ण सेकंद मोजूं लागले, आरंभ १ जानेवारी १९७० धरिला, आणि चिन्हासहित बत्तीस बिटांत अडुसष्ट वर्षें मावलीं. अडीच वर्षांच्या जागीं अडुसष्ट म्हणजे त्या काळच्या माणसांना अनंतकाळच वाटला असेल. हेंच माप मग फायलींत, कोठारांत, यंत्रायंत्रांमधील निरोपांत उतरलें.

चौसष्ट बिटांत सेकंद मोजले तर सुमारें २९२ अब्ज वर्षें पुरतात, आणि बहुतेक मोठ्या यंत्रांनीं तें माप केव्हांच घेतलें आहे. बत्तीस बिटांच्या यंत्रांसाठींहि लिनक्सच्या गाभ्यांत २०२० सालीं तशी सोय पुरी झाली. परंतु भिंतींत, मोटारींत, कारखान्यांत बसविलेल्या लहान यंत्रांची आज्ञावली कोणी फारशी बदलीत नाहीं. मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंद झाले म्हणजे बत्तीस घरांची ती पाटी भरेल. जेथें ती बदललेली नसेल तेथलें घड्याळ पुढच्या सेकंदास १४ डिसेंबर १९०१ ची मध्यरात्र उलटून २ वाजून १५ मिनिटें ५२ सेकंद झाल्याचें दाखवील.